ठिणग्या दिसल्या म्हणजे आर्मेचर गेलं?

सुतारकामाचं जुनं कटर बिघडलं की अहमदपुरात निकाल ठरलेला: "ठिणग्या मारतंय, आर्मेचर जळालं. नवीनच घ्या." बहुतेकदा हा निकाल यंत्र न उघडताच दिला जातो. देणाऱ्याला तरी किती दोष द्यावा? आपल्या तालुक्यात मोटर म्हणजे विहिरीवरची, नाहीतर बोअरमधली. रिवायंडिंगवाल्यांचा हात तिच्यावरच बसलेला. त्या इंडक्शन मोटरीत कार्बन नसतातच, त्यामुळे तिथे ठिणगी दिसली तर खरोखर घात. पण तोच नियम कटरला लावला की धडधाकट यंत्रं भंगारात जातात.

कटरमधली मोटर वेगळ्या जातीची. तिचं नाव युनिव्हर्सल मोटर. ती एसी-डीसी दोन्हींवर चालते. पंपाची मोटर आपल्या 50 हर्ट्‌झच्या विजेवर मिनिटाला 3000 फेऱ्यांपुढे जाऊ शकत नाही. चार इंची कटर मात्र रिकामं फिरताना 10,000 च्या वर जातं. तिथे फिरत्या आर्मेचरला कार्बनच्या दोन तुकड्यांतून वीज मिळते. हे तुकडे तांब्याच्या पट्ट्यांनी बनलेल्या कम्युटेटरवर घासत असतात. एका पट्टीवरून दुसरीवर जाताना गुंडाळीतल्या प्रवाहाची दिशा उलटते आणि बारीक निळसर ठिणगी पडते. पडणारच! नव्याकोऱ्या यंत्रातही पडते.

ठिणग्या वाढल्या तर आधी कार्बन बघा. तो झिजून आखूड झाला, स्प्रिंग ढिली पडली किंवा भुशामुळे तो खोबणीत अडकला, की नीट टेकत नाही. मकिताच्या मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय, खुणेपर्यंत झिजले की दोन्ही कार्बन एकाच वेळी बदला. आपल्याकडे एकच बदलतात, वर यंत्रालाच नावं ठेवतात. नवी जोडी घातल्यावर काही मिनिटं यंत्र रिकामं चालवावं, म्हणजे कार्बन गोलाईवर बसतात.

आर्मेचर खरंच गेलं असेल तर कम्युटेटरभोवती ठिणग्यांचं कडंच दिसतं, एखाद-दुसरी पट्टी जळून काळी पडते, करपल्याचा वास येतो. खात्री मीटरने करता येते. शेजारच्या पट्ट्यांमधला रोध सगळीकडे जवळपास सारखा हवा आणि पट्टी व शाफ्ट यांच्यात कंटिन्युटी मुळीच नको.

कम्युटेटर काळपट दिसला म्हणून एमरी पेपरने चकाचक करणाऱ्यांपुढे मात्र मी हात टेकले. गुळगुळीत चॉकलेटी थर ही चांगल्या कम्युटेटरची खूण आहे. एमरीचे कण पट्ट्यांमधल्या फटीत अडकून शॉर्ट करू शकतात.

"कंडेन्सर बदला" हाही पंपाचाच सल्ला. युनिव्हर्सल मोटरीला सुरू व्हायला कंडेन्सर लागत नाही. आत एखादा छोटा असलाच तर तो रेडिओ-टीव्हीतली खरखर थांबवण्यासाठी. यंत्र अगदीच मुकं असेल तर वायर तपासा, ती मुठीपाशी वाकून वाकून आतल्या आत तुटते. मग स्विच.

कमी व्होल्टेजने कटर जळतं? आधी ते नुसतं मंदावतं. जळतं ते मंदावल्यावरही रेटल्याने, कारण आतला पंखाही तेव्हा मंद असतो. लाकूड करपत असेल तर दोष बहुधा बोथट पात्याचा.

बेरिंगमध्ये तेल सोडू नका. ती बहुधा सीलबंद असतात, आणि ओघळलेलं तेल कार्बनच्या भुकटीत मिसळून नवा बिघाड करतं. गिअरला ग्रीस चालतं.

दोन पिनांचा प्लग धोक्याचाच, असंही नाही. यंत्रावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं, त्याला अर्थिंग लागत नाही. ही खूण नसलेल्या जुन्या धातूच्या बॉडीला मात्र तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग हवंच.

उघडण्याआधी स्विच बंद करून भागत नाही, प्लग बोर्डातून काढा. आणि पुढच्या वेळी कुणी "आर्मेचर गेलं" म्हणालं, तर पैसे काढण्याआधी त्याला मीटर लावून दाखवायला सांगा.