पुनर्मुद्रण, आवृत्ती आणि छत्तीसगढी : मुक्तस्रोत प्रणालींतील पॅकेजांची पुनर्बांधणी

मराठी ग्रंथाच्या आरंभीच्या पृष्ठावर ‘दुसरी आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ असे दोन निरनिराळे शब्द आढळतात. आवृत्तीत संहितेला संपादकाचा हात लागलेला असतो. पुनर्मुद्रणात संहिता तीच राहते, प्रत मात्र नव्याने निघते. रायपूरचे हीरालाल काव्योपाध्याय यांचे छत्तीसगढी व्याकरण 1890 साली ग्रिअर्सन यांच्या इंग्रजी अनुवादातून विद्वानांपुढे आले, आणि 1921 साली लोचनप्रसाद पांडेय यांनी ते सुधारून व वाढवून सिद्ध केले. ही अर्थातच नवी आवृत्ती होय. मुक्तस्रोत संगणक प्रणालींच्या व्यवहारातही हाच भेद पाळला जातो. छत्तीसगढीसारख्या भाषेचे संगणकावरील अस्तित्व त्याच्याशी निगडित असल्यामुळे भाषाभ्यासकानेही तो समजून घेणे अगत्याचे आहे.

डेबियन किंवा फेडोरा यांसारखी लिनक्स ‘वितरणे’ म्हणजे हजारो आज्ञावलींचे परस्परांशी जुळवून ठेवलेले भांडार. प्रत्येक आज्ञावलीची माणसाला वाचता येईल अशी मूळ संहिता असते. कम्पायलर तिच्यापासून यंत्राला कळणारी प्रत तयार करतो. ही प्रत, तिचे नाव, तिचा क्रमांक आणि तिला लागणाऱ्या इतर आज्ञावलींची यादी एकत्र बांधली की ‘पॅकेज’ होते. सामान्य वापरकर्त्याच्या हाती पडते ते हे पॅकेज. मूळ संहिता नव्हे.

मग संहितेत एका अक्षराचाही फरक नसताना पॅकेज पुन्हा का बांधावे लागते? याचे कारण असे की, कोणतीही आज्ञावली एकटी नांदत नाही. अनेक आज्ञावलींना समान लागणारी कामे ‘लायब्ररी’ नावाच्या सामायिक संग्रहांत ठेवलेली असतात. शब्दांचा अकारविल्हे क्रम लावणे, ओळ कोठे तोडावी हे ठरवणे, अशी कामे आयसीयू नावाची लायब्ररी करते. 2023 च्या डेबियन 12 मध्ये तिची 72 वी आवृत्ती होती; 2025 च्या डेबियन 13 मध्ये 76 वी आली. जुन्या आयसीयूशी सांधलेली यंत्रप्रत नव्या आयसीयूशी बोलू शकत नाही. म्हणून तिच्यावर विसंबणारे प्रत्येक पॅकेज, स्वतः जसेच्या तसे असूनही, पुन्हा बांधावे लागते.

या कामाचे खरे कौशल्य क्रमात आहे. ‘क’ हे ‘ख’ वर अवलंबून असेल तर ‘ख’ आधी बांधला पाहिजे. आणि दोघेही एकमेकांवर अवलंबून असतील तर त्यांपैकी एकाची काही भाग वगळलेली प्रत प्रथम तयार करून ती कोंडी फोडावी लागते. अशा संपूर्ण स्थलांतराला डेबियनमध्ये ‘ट्रान्झिशन’ म्हणतात. केवळ पुनर्बांधणी झालेल्या पॅकेजाच्या क्रमांकापुढे तेथे ‘+बी1’ असे चिन्ह जोडतात, हे पुनर्मुद्रण; देखभालकर्त्याने पॅकेजाच्या स्रोतात बदल केल्यास त्याचा स्वतःचा अंक वाढतो, ही आवृत्ती. फेडोरात नवा कम्पायलर आला की बहुधा सर्वच पॅकेजे एका दमात पुन्हा बांधली जातात. 2024 साली डेबियनने याहून अवघड काम हाती घेतले. 1970 पासूनचे सेकंद 32 बिटांत मोजणारी घड्याळे 19 जानेवारी 2038 रोजी ओसंडणार असल्यामुळे कालगणना 64 बिटांवर नेणे भाग होते. त्यासाठी शेकडो लायब्रऱ्यांची नावे बदलून त्यांच्यावर विसंबणारी पॅकेजे पुन्हा बांधण्यात आली.

पुनर्बांधणी ही एक परीक्षाही असते. जुन्या कम्पायलरने खपवून घेतलेली चूक नवा कम्पायलर नाकारतो, बांधणी फसते, आणि दुरुस्ती करणारा कोणी न भेटल्यास पॅकेज पुढील आवृत्तीतून वगळले जाते. लहान भाषांची खरी अडचण येथे आहे. छत्तीसगड राज्य 2000 साली स्थापन झाले आणि 2007 साली छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा मिळाला. त्यानंतरच्या काळात रविशंकर श्रीवास्तव यांच्या पुढाकाराने झालेल्या अनुवादामुळे के.डी.ई. 4 या संगणक-पटलाला छत्तीसगढीचे स्वतंत्र पॅकेज लाभले. पुढे के.डी.ई.ने भाषावार पॅकेजांची पद्धत सोडली आणि अनुवाद ज्या त्या आज्ञावलीच्या संहितेतच ठेवले जाऊ लागले. परिणामी रायपूरमधील एखाद्या अभ्यासकाने एक शब्द सुधारला, तरी ती आज्ञावली पुन्हा बांधली जाईपर्यंत तो वाचकापर्यंत पोहोचत नाही. आणि नव्याने आलेल्या वाक्यांचा अनुवाद कोणी केला नाही, तर त्यांच्या जागी इंग्रजी दिसू लागते.

भाषेचा आणखी एक धागा या विषयात गुंतलेला आहे. एकाच संहितेपासून कोणीही, कोठेही तंतोतंत तीच प्रत काढू शकावा, यासाठी डेबियनमध्ये 2013 पासून प्रयत्न चालू आहेत. त्यात आडवी येणारी एक गोष्ट म्हणजे बांधणी करणाऱ्या यंत्राचे भाषिक संकेत. क्रम लावण्याचे नियम भाषेगणिक बदलतात, त्यामुळे फायलींचा क्रम बदलतो आणि प्रतही बदलते. पाठभेद लेखनिकाच्या हातून होतात तसे येथे ते परिसरातून उद्भवतात, म्हणून बांधणीच्या वेळी एकच तटस्थ संकेत सक्तीने लावावा लागतो.

1921 चे व्याकरण पुन्हा छापले गेले नाही तरी ग्रंथालयात ते वाचता येते. आज्ञावलीचे तसे नाही. तिच्याभोवतीचे जग पुढे सरकले आणि ती पुन्हा बांधली गेली नाही, तर संहिता अक्षरशः शाबूत राहूनही वाचनाबाहेर जाते. छत्तीसगढी संगणकावर टिकायची तर अनुवादकाइतकीच गरज आहे ती फसलेल्या बांधणीची दखल घेणाऱ्या माणसाची. आणि असा माणूस त्या भाषेच्या परिसरातूनच पुढे येण्याचा संभव अधिक आहे.