बीजेची कोर पश्चिमेस

भाऊबीजेच्या सायंकाळी प्रथम चंद्राला ओवाळावे आणि मग भावाला, अशी आपल्याकडे रीत आहे. जिला भाऊ नाही, ती चंद्रालाच भाऊ मानून ओवाळते. कीर्तनाच्या उत्तररंगात हा प्रसंग मी वर्षानुवर्षे रंगवीत आलो. एकदा पंढरीत निरूपणाच्या ओघात बोलून गेलो, "पूर्वेस बीजेचा चंद्र उगवला आणि बहिणीने निरांजन उचलले." कीर्तन आटोपल्यावर एक शाळकरी मुलगी पाया पडली आणि हळूच म्हणाली, "बुवा, बीजेचा चंद्र संध्याकाळी पूर्वेला कसा उगवेल? तो तर पश्चिमेला मावळतो."

मी निरुत्तर झालो. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवीत होतो. त्या हिशेबाने बीजेचा चंद्र सूर्याच्या मागोमाग मावळणार, हे उघड होते. गणित पाठ होते. मान वर करून मात्र कधी पाहिले नव्हते!

पुढील शुद्ध बीजेस वाळवंटात जाऊन उभा राहिलो. भीमा येथे चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून ती चंद्रभागा. सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात पश्चिमेस, घाटाच्या माथ्यावर, केसाएवढी कोर दिसली. उरलेले बिंबही राखेसारखे अंधुक उजळलेले होते. पृथ्वीवर पडलेला सूर्यप्रकाश परतून चंद्राच्या काळोख्या अंगावर पडतो, त्याची ती प्रभा. उसन्या प्रकाशातूनही देता येते, हे त्या दिवशी उमगले.

तेव्हापासून सायंकाळचे आकाश हा माझा नित्यपाठ झाला. तारे लुकलुकतात, ग्रह बहुधा स्थिर तेजाने तळपतात. शुक्र सूर्यापासून 47 अंशांहून फारसा दूर जात नाही, म्हणून तो मध्यरात्री माथ्यावर कधीच दिसत नाही. 24 मार्च 2023 रोजी, चैत्र शुद्ध तृतीयेस, हाच शुक्र कोरीखाली नथीतल्या मोत्यासारखा लोंबत होता. घाटावरची माणसे माना उंचावून पाहत होती. मला आठवली ती मुलगी.

वाचकहो, आज निरांजन लावण्यापूर्वी गच्चीवर जावे. सूर्य पूर्ण मावळू द्यावा आणि पश्चिमेस क्षितिजालगत पाहावे. हा भाऊ घाईचा आहे, फार वेळ थांबत नाही. ढगांमुळे चुकलाच, तर उद्या तिजेस तो अधिक उंच भेटेल.

मी आता कीर्तनात "पश्चिमेस" असेच म्हणतो, आणि त्या बालगुरूला मनोमन वंदन करतो.