रानबोरीवर डोळे भरणें व पांखरांसाठीं बोरी राखणें

थंड प्रदेशांत रानसफरचंदाचें झाड दोन कामें करितें. त्याच्या खुंटावर चांगल्या जातीचें कलम बांधितां येतें, आणि न बांधिलेल्या झाडाचीं आंबट फळें हिंवाळ्यांत पांखरांस व वनचरांस पोसतात. छत्रपति संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यांत सफरचंद होत नाहीं. परंतु हींच दोन्ही कामें करणारें झाड आपल्या बांधांवर व नाल्यांच्या कांठीं आपोआप उगवतें. तें झाड म्हणजे रानबोर. अलीकडे यंत्रानें बांध कोरतांना तें मुळासकट उपटलें जातें; म्हणून त्याचा उपयोग नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

आपल्याकडे वर्षास सरासरी सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही अनियमित. अशा मुलखांत बोर टिकते याचें कारण तिचें सोटमूळ मुरुमांतून खोल जातें, व कडक उन्हाळ्यांत ती पानें गाळून विश्रांति घेते. पावसाबरोबर नवी फूट येते, त्याच फुटीवर पावसाळ्याच्या अखेरीस फुलें येतात, व संक्रांतीच्या सुगडांत घालावयास बोरें तयार होतात. त्या दिवसांत बुलबुल, साळुंक्या व पोपट बोरीवर येतात. खालीं पडलेलीं फळें कोल्हा व उदमांजर खातात. कोल्हा बोर सगळेंच गिळतो व आठळी दूर नेऊन टाकतो. माळावर कोणीं न लावलेल्या बोरी उगवतात त्या अशानेंच. कन्नड तालुक्यांत व जळगांव जिल्ह्यांत पसरलेलें गौताळा औट्रम घाट अभयारण्य १९८६ सालीं जाहीर झालें. त्याच्या आसपासच्या गांवांत अशा झाडांचें महत्त्व अधिक आहे.

मग सर्वच बोरींवर डोळे भरावे काय? आमच्या मतें नाहीं. विहिरीजवळच्या, वाटेवरच्या व राखण करितां येण्याजोग्या बोरींवर उमराण, कडाका किंवा जळगांवकडील मेहरूण यांचा डोळा भरावा. नाल्याकांठच्या व पडीक माळावरच्या बोरी जशाच्या तशा राखाव्या. 

डोळा भरण्याची रीत अशी. जुनी बोर चैत्र-वैशाखांत जमिनीपासून हात-दीड हातावर करवतीनें तोडावी. बुंध्यास धुमारे फुटतील. त्यांतील जोमदार दोन-तीन ठेवून बाकीचे खुडावे. आर्द्रा ते पुष्य या नक्षत्रांत धुमारा शिसपेन्सिलीएवढा जाड झाला व साल सहज सुटूं लागली म्हणजे डोळा भरावा. डोळकाडी भरपूर फळणाऱ्या झाडाची, त्याच हंगामांत वाढलेली व फुगीर डोळ्यांची असावी. ढालीच्या आकाराचा डोळा सालीसह काढून खुंटाच्या सालींत बसवावा, व डोळा तेवढा उघडा ठेवून पट्टीनें घट्ट बांधावें. डोळा हिरवा राहून फुगूं लागला म्हणजे तो लागला असें समजावें. नंतर वरचा शेंडा कापावा. सांध्याखालीं येणारी फूट वेळोवेळीं काढीत जावी. ही काळजी न घेतल्यास रानबोरच पुन्हां वर येते व डोळा मरतो.

नवीन झाड लावणें असल्यास आठळ्या मिठाच्या पाण्यांत टाकाव्या. तरंगतील त्या फेंकून द्याव्या. बुडालेल्या आठळ्या हलक्या हातानें फोडून आंतील बीं लावल्यास तें लवकर रुजतें. रोप उपटून लावल्यानें सोटमूळ दुखावतें, म्हणून बीं कायमच्या खड्ड्यांतच लावावें व डोळा तेथेंच भरावा. डोळा भरलेल्या झाडाची दरसाल उन्हाळ्यांत छाटणी करावी, कारण फळ नव्या फुटीवरच धरतें. छाटलेल्या काट्यांचें कुंपण होतें व पाला शेळ्या आवडीनें खातात. पांखरांसाठीं राखलेल्या बोरीस छाटणीची गरज नाहीं.

आतां दोन अडचणी सांगणें अवश्य आहे. पहिली फळमाशीची. ही माशी कोंवळ्या फळांत अंडीं घालते, अळी गर खाते व मातींत जाऊन कोष करिते. रानबोरीवरही ती पोसली जाते. म्हणून राखलेल्या बोरी बागेपासून दूर असाव्या. बागेंतील किडकीं व गळलेलीं फळें रोज वेंचून खोल पुरावीं, व उन्हाळ्यांत झाडाखालची माती चाळून कोष उन्हांत उघडे पाडावे. कित्येक जातींस स्वतःच्या परागानें फळ नीट धरत नाहीं. परंतु त्यासाठीं बागेंत रानबोर ठेवण्याचें कारण नाहीं, दोन-तीन जाती मिसळून लावल्या म्हणजे मधमाशा व इतर माशा तें काम करितात.

दुसरी अडचण रानडुकरांची. गळलेल्या फळांच्या वासानें तीं येतात, व फळांबरोबर हरभरा-मक्याचीही नासाडी करितात. म्हणून वनचरांसाठींची बोर पिकाच्या मध्यें कधींही राखूं नये. ती पडिकांत किंवा रानाच्या बाजूस असावी. हें एकट्यानें साधत नाहीं. शेजारच्या शेतकऱ्यांनीं मिळून कोणत्या नाल्यावरच्या बोरी राखावयाच्या हें ठरवावें.

शहराजवळील हिमायतबाग येथें परभणीच्या कृषि विद्यापीठाचें फळ संशोधन केंद्र आहे. जातींची निवड करितांना तेथें विचारपूस करावी. बांध कोरण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या शेतांतील बोरी मोजाव्या, डोळा भरावयाच्या कोणत्या व राखावयाच्या कोणत्या हें ठरवून त्यांवर खूण करावी, आणि मगच यंत्र शेतांत घालावें. पंचवीस वर्षांची बोर उपटावयास घटकाही लागत नाहीं. तेवढी खोल गेलेली मुळी मात्र विकत मिळत नाहीं.