बचत चीनची आणि आपली

चिनी कापडाचा विषय निघाला की आपल्या पेढ्यांवर मजुरी आणि सरकारी सवलती यांचीच चर्चा रंगते. बचतीचा हिशेब कोणी काढत नाही. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, तिथेही 'बचत'च म्हणत आणि मराठीतही तोच शब्द. पण देशाची बचत म्हणजे गल्ल्यात उरलेली रोकड नव्हे. देशाची वर्षाची मिळकत (आखातातून आपल्या माणसांनी घरी पाठवलेला पैसाही तीत आला) घ्यावी, त्यातून घरांचा व सरकारचा चालू खर्च वजा करावा. जे उरते ती स्थूल राष्ट्रीय बचत. 'स्थूल' एवढ्यासाठी की यंत्रांचा घसारा त्यातून काढलेला नसतो. ज्याचे माग जुने झालेत त्याला हा फरक लगेच कळेल.

1950-51 साली आपला देश मिळकतीचा जेमतेम दहावा हिस्सा वाचवत होता. 1969 मध्ये 14 बँका सरकारी झाल्या, शाखा तालुक्यांपर्यंत गेल्या आणि सत्तरच्या दशकाअखेर हे प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास आले. चीनने 1978 मध्ये आर्थिक सुधारणा सुरू केल्या तेव्हाच तो एक तृतीयांशाहून जास्त वाचवत होता. तरीही 1990 मध्ये दोन्ही देशांची दरडोई मिळकत डॉलरमध्ये जवळपास सारखीच होती, हे आज सांगितले तर पुष्कळांना खरे वाटत नाही. पुढे 2007-08 मध्ये आपण सुमारे 37 टक्क्यांवर पोचलो, चीन तेव्हा निम्म्यावर होता. नंतर दोघेही उतरले. आज आपण 30 च्या आसपास आहोत, चीन अजून 40 च्या वर. शिवाय त्यांची मिळकतच मोठी झाल्यामुळे रकमेत पाहिले तर 2023 साली त्यांची बचत आपल्या सात पटीच्या घरात जाते.

चिनी माणूस जास्त काटकसरी म्हणून हे झाले, असे आम्हाला वाटत नाही. नव्वदच्या दशकाअखेर तिथे सरकारी कारखान्यांतून कोट्यवधी कामगार कमी केले गेले. नोकरीबरोबर मिळणारे घर, दवापाणी, पेन्शनही गेले. माणसे भीतीपोटी पैसा बाजूला टाकू लागली. दुसरी गोष्ट म्हणजे 1994 पासून 2007 पर्यंत तिथल्या सरकारी कंपन्यांनी सरकारला जवळजवळ लाभांशच दिला नाही. नफा कंपनीतच राहिला आणि त्यातून नवी यंत्रे आली.

आपल्याकडे बचतीचा सर्वांत मोठा वाटा 'घरगुती' खात्यात मोडतो. या खात्यात केवळ पगारदार नाहीत, तर तुमचे-आमचे खासगी मालकीचे दुकान आणि चार मागांचा कारखानाही त्यातच धरतात. म्हणजे भिवंडी-मालेगावात कोणी नवा माग बसवला तर ती घरगुती बचतच. पण या खात्यातला बराच पैसा घराच्या बांधकामात जातो. आम्हीही त्यात आलो. ज्या वर्षी चांगली कमाई झाली त्या वर्षी आम्ही माळा चढवला, धंद्यात एक पैसा घातला नाही. 2022-23 मध्ये तर कर्ज वजा जाता घरांची आर्थिक बचत देशाच्या उत्पन्नाच्या सुमारे 5 टक्क्यांवर आली. कर्जावर घर, कर्जावर गाडी.

चीनची अडचण आता उलट आहे. 2021 पासून तिथला घरांचा बाजार कोसळला. लोक पैसा धरून बसले आहेत, दुकानात खर्च करत नाहीत. कारखाने मात्र चालूच आहेत, आणि घरी न खपलेला माल बाहेरची गिऱ्हाइके शोधतो आहे.