जिमीची गिटार आणि एक डॉलरचा कागद

इंग्रजी गाणे लागले की आमच्या वस्तीतील जुनी मंडळी ‘काय हा धांगडधिंगा’ म्हणत दार लोटून घेतात. ज्यांचे कान शाहिरांच्या पहाडी आवाजावर आणि ढोलकीच्या थापेवर घडले, त्यांना ते रुचत नसेल तर त्यात नवल नाही. पण आम्हाला या संगीताचा फार वर्षांपासूनचा नाद आहे, आणि म्हणूनच समाजबांधवांपुढे काही गोष्टी ठेवाव्याशा वाटतात.

ज्याला आज सारे जग रॉक आणि पॉप म्हणते, त्याची मुळे अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या ब्लूजमध्ये आणि त्यांच्या चर्चमधील गाण्यात आहेत. कापसाच्या मळ्यांत गुलामी भोगलेल्या माणसांच्या नातवंडा-पतवंडांनी ते उभे केले. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४६ साली डुबॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून युनोकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती, ती याच समाजाच्या लढ्यातली. १९६६ साली त्यांच्यात ब्लॅक पँथर उभी राहिली आणि १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर स्थापन केली. त्यांच्या लढ्याचे नाव आपण घेतले, मग त्यांचे गाणेच तेवढे परके कसे?

त्या समाजातला आमचा सर्वांत लाडका कलावंत म्हणजे जिमी हेंड्रिक्स. जन्म १९४२, गाव सिएटल. वडील बागकामाची मजुरी करणारे. घरात वाद्य कुठले असणार? पोरगा केरसुणी घेऊन गिटार वाजवल्याची नक्कल करायचा. पुढे वडिलांबरोबर कुणाच्या घरचा केरकचरा काढताना त्याला एक टाकून दिलेली छोटी गिटार सापडली. तार एकच उरलेली. आपल्या भाषेत सांगायचे तर तुणतुणेच ते! त्या एका तारेवर त्याने सूर शोधले. डावखुरा असल्यामुळे पुढे उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारा बदलून तो वाजवू लागला. १९६१-६२ मध्ये तो लष्करात छत्रीधारी सैनिक होता. तेथून सुटल्यावर नावाजलेल्या गायकांच्या मागे उभे राहून वाजवण्याची चाकरी केली. १९६६ च्या सप्टेंबरात तो लंडनला गेला आणि वर्षभरात त्याचा डंका वाजला.

त्याने जे वाजवले त्याला सायकेडेलिक रॉक म्हणतात. म्हणजे काय? जयंतीच्या कार्यक्रमात माईक कर्ण्यासमोर आला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते आणि माईकवाला शिव्या खातो ना, ती शिट्टी या माणसाने मुद्दाम काढली, लांबवली, वळवली आणि तिचे संगीत केले! ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या माळावर त्याने अमेरिकेचे राष्ट्रगीत नुसत्या गिटारीवर वाजवले, आणि त्यात मधूनच बॉम्ब पडल्याचे, विमाने घोंघावल्याचे आवाज काढले. व्हिएतनामचे युद्ध तेव्हा चालू होते. एक शब्दही न उच्चारता इतके बोलणारे गाणे आम्ही दुसरे ऐकलेले नाही.

आता कटू भाग. सायकेडेलिक हा शब्दच एलएसडीसारख्या मादक द्रव्यांमुळे चलनात आला. आणि वाचकहो, यात एक बौद्ध संदर्भही ओढला गेला आहे. मरणासन्न माणसासाठी वाचायच्या एका तिबेटी बौद्ध ग्रंथाचा आधार घेऊन टिमोथी लिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली अशा द्रव्यांच्या सेवनाचे चक्क मार्गदर्शक पुस्तक काढले. बीटल्सच्या जॉन लेननच्या हाती ते पडले, आणि १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ या तबकडीतील शेवटचे गाणे त्यातून जन्मले. गाणे म्हणून ते अफाट आहे. मागे तंबोऱ्यासारखा एकच सूर आणि त्यावर उलट्या फिरवलेल्या टेपचे आवाज. पण पाचवे शील घेतलेल्या आम्हा उपासकांना हे ठणकावून सांगितले पाहिजे की, चित्त जागे ठेवा म्हणणाऱ्या तथागतांच्या धम्माशी त्या गोळीचा काडीचाही संबंध नाही. जिमी स्वतः १८ सप्टेंबर १९७० रोजी झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने गेला. वय अवघे सत्तावीस.

तरी आमच्या मते त्याची खरी लूट गोळीने नव्हे, कागदाने केली. आम्ही पडलो बी.कॉम. कारकून, आमची नजर गाण्यावरून हिशोबाकडे गेल्याशिवाय राहत नाही. १९६५ साली, नाव व्हायच्या आधी, जिमीने एका निर्मात्याशी तीन वर्षांचा करार केला. मोबदला एक डॉलर आणि विक्रीवर एक टक्का. पुढे लंडनला नाव झाल्यावर तो कागद बाहेर निघाला. कज्जे झाले. शेवटी तडजोडीसाठी ‘बँड ऑफ जिप्सीज’ ही १९७० ची तबकडी द्यावी लागली. त्याने दोन कृष्णवर्णीय साथीदारांना घेऊन काढलेली, व्हिएतनामवरील ‘मशिनगन’ हे त्याचे सर्वांत धगधगते गाणे असलेली तबकडी ती! मृत्युपत्र नव्हते. मुलाच्या गाण्यांचे हक्क परत मिळवायला वडिलांना कोर्टात जावे लागले आणि ते हाती आले १९९५ साली. म्हणजे पंचवीस वर्षांनी.

मग कंपनीच आपली काढली तर? डेट्रॉइटच्या बेरी गॉर्डी या कृष्णवर्णीय तरुणाने तेही केले. पूर्वी मोटारीच्या कारखान्यात राबलेला हा माणूस. घरच्या मंडळींच्या बचत निधीतून, म्हणजे आपल्या भिशीसारख्याच पैशांतून, ८०० डॉलर कर्ज काढून १९५९ साली त्याने मोटाउन उभी केली. स्टीव्ही वंडर, सुप्रीम्स, जॅक्सन फाइव्ह तेथूनच पुढे आले. अभिमान वाटावा असेच हे काम. परंतु त्याच कंपनीची सर्वांत यशस्वी गाणी रचणारे तिघे हिशोबाच्या भांडणातून १९६८ च्या सुमारास बाहेर पडले, कोर्टकचेऱ्या झाल्या. मालक आपला असला तरी वही तपासावीच लागते.

कंपन्यांच्या छत्राबाहेर स्वतःच्या बळावर गाणे काढतात त्याला अलीकडे इंडी म्हणतात. त्यातले आम्हाला भावलेले उदाहरण चेन्नईचे. दिग्दर्शक पा. रंजित यांची संस्था आणि संगीतकार तेन्मा यांनी ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा संच उभा केला, आणि जानेवारी २०१८ मध्ये त्याचा पहिला कार्यक्रम झाला. तेथील वस्त्यांत मयताला गायले जाणारे गाना हे गीत, त्यात रॉकची गिटार, त्यात रॅप. नाव कोठून आले? पंडित अयोथीदास यांच्या ‘जातिविरहित तमिळ’ या शब्दांवरून. हे तेच अयोथीदास, ज्यांनी १८९८ साली, म्हणजे आपल्या धम्मक्रांतीच्या ५८ वर्षे आधी, मद्रासकडे शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. आहे की नाही नाते?

या संचातील अरिवु या कवी-गायकाचे ‘एंजॉय एंजामी’ हे गाणे मार्च २०२१ मध्ये आले आणि कोट्यवधी लोकांनी ऐकले. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबून भूमिहीनच राहिलेल्या त्याच्या पूर्वजांची, आजीची ती कहाणी. त्याच वर्षी एका मोठ्या संगीत मासिकाने मुखपृष्ठावर या गाण्याच्या सहगायिकेला स्थान दिले, अरिवुला मात्र वगळले! पा. रंजित यांनी जाहीर निषेध केला. आणि मार्च २०२४ मध्ये गाण्याच्या संगीतकाराने सांगितले की, एवढ्या यशानंतरही कलावंतांना एक पैसाही मिळालेला नाही.

हे सारे मांडण्याचे कारण असे की, आज आपल्या घरांतील मुले-मुली मोबाईलवर भीमगीते, रॅप, रॉक रेकॉर्ड करतात, आणि कुणी गाणे मागितले की आनंदाच्या भरात सही करून मोकळी होतात. कॅसेटच्या काळात आमच्या ओळखीच्या कित्येक गायकांनी हेच केले. एकदाच मानधन, पुढे काही नाही. पण २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तीनुसार गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतील समान वाटा वारस किंवा कॉपीराइट संस्था सोडून इतर कुणालाही लिहून देता येत नाही. दिला तरी तो करार निरर्थक. कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच. म्हणून ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगात’ हे शब्द कोठे दडले आहेत ते आधी शोधावे. ज्या कुणाला असा कागद आला असेल त्यांनी सही करण्यापूर्वी रविवारी सकाळी वंदनेनंतर तो विहारात घेऊन यावा. आम्ही असतोच, सोबत बसून ओळ न् ओळ वाचू.