मेंटोन : 64 माणसांचा कारभार

पश्चिम टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत 2020च्या जनगणनेला 64 माणसं भरली. अख्ख्या अमेरिकेत याहून कमी वस्तीची काउंटी नाही. क्षेत्रफळ मात्र सुमारे 1,750 चौरस किलोमीटर. एवढ्या पसाऱ्यात गाव म्हणावं असं एकच, मेंटोन. लोकसंख्या 22. काउंटीचं मुख्य ठिकाणही साहजिकच तेच.

माणसं असोत नसोत, कायद्याप्रमाणे काउंटीला सगळा सरंजाम हवाच : काउंटी जज, चार कमिशनर, शेरीफ, क्लार्क, खजिनदार. सगळे मतदानानं निवडायचे. हा गाडा 1935 साली बांधलेल्या दुमजली, विटांच्या कोर्टहाउसातून हाकला जातो. भोवती रेताड माळ आणि मेस्किटची खुरटी झुडपं. शाळा केव्हाच बंद पडली; मुलं शेजारच्या काउंटीत, विंकला जातात. पेकोस नदी जवळून वाहते, पण पाणी खारट. पिण्याचं पाणी वर्षानुवर्षं बाहेरून आणावं लागे.

या काउंटीची कुळकथा मात्र सरळसोट बनवाबनवीची. 1893 साली पेकोसवर कालवा काढून माळ हिरवा करू, असं सांगणाऱ्या कंपनीच्या मंडळींनी काउंटी स्थापन केली, निवडणूक उरकली, पदं वाटून घेतली. लोकवस्तीचे आकडे फुगवलेलेच होते. त्याच वर्षी नदीला पूर आला आणि कालव्याचा बेत धुऊन गेला. पुढे पदाधिकारी पसार झाले आणि 1897 साली विधिमंडळानं काउंटीच मोडीत काढून रीव्ह्ज काउंटीला जोडली. 1920च्या दशकात तेल लागलं, माणसं आली, आणि 1931 साली काउंटी पुन्हा उभी राहिली. दोनदा स्थापन झालेली टेक्सासमधली ही एकमेव काउंटी. दुसऱ्या खेपेला निदान जमिनीखाली काहीतरी खरं होतं!

ते तेल आजही पोसतं आहे. फ्रॅकिंगमुळे, म्हणजे दाबानं खडक फोडून तेल काढण्याच्या तंत्रामुळे, इथल्या डेलावेअर खोऱ्यात नवी तेजी आली. 302 नंबरच्या रस्त्यावर ट्रकची रीघ असते, कामगार तात्पुरत्या छावण्यांत राहतात. तेलविहिरींवरचा मालमत्ता कर काउंटीच्या तिजोरीत पडतो. मूठभर मतदार आणि भरलेली तिजोरी म्हटल्यावर इथला खरा रहिवासी कोण, यावर वाद झडणारच. वडिलोपार्जित जमीन इथे, बिऱ्हाड दुसऱ्या गावी आणि मत मात्र इथलंच, असा प्रकार जुनाच आहे. 2020च्या अध्यक्षीय निवडणुकीत 64 माणसांच्या या काउंटीत 66 मतं पडली.