विश्लेषण : लिनक्स सर्व्हरचा बॅकअप ‘क्लाऊड’वर ठेवला की काम संपले का?

मोबाइलवर रोज उघडली जाणारी असंख्य संकेतस्थळे आणि अ‍ॅप पडद्यामागे लिनक्स सर्व्हरवर चालतात. या सर्व्हरवरील माहितीची प्रत रोज रात्री आपोआप क्लाऊडवर पाठवणे आता अवघड राहिलेले नाही. पण ती प्रत गरजेच्या वेळी परत मिळेलच, याची खात्री कशी करायची? ‘गिटलॅब’ या कंपनीला २०१७ मध्ये हा धडा फार महागात मिळाला.

गिटलॅबमध्ये काय घडले?
जगभरातील प्रोग्रामर आपला कोड गिटलॅबवर ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तेथील एक अभियंता डेटाबेसच्या दुय्यम सर्व्हरची दुरुस्ती करत होता. त्या सर्व्हरवरील फोल्डर रिकामे करण्यासाठी त्याने पुसण्याची आज्ञा दिली, पण ती चुकून मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली आणि त्याने आज्ञा थांबवली. तोपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम ४.५ जीबी माहिती उरली होती.

क्लाऊडवरील बॅकअप कुठे गेला?
डेटाबेसची प्रत अ‍ॅमेझॉनच्या ‘एस-थ्री’ या क्लाऊड सेवेवर जाते, असा कंपनीचा समज होता. प्रत्यक्षात तिथे काहीच नव्हते. डेटाबेस होता ‘पोस्टग्रेस’च्या ९.६ आवृत्तीचा आणि प्रत काढणारा प्रोग्राम चालत होता ९.२ चा. त्यामुळे प्रत निघतच नव्हती. बॅकअप फसल्याचे ईमेल सर्व्हर पाठवत होता, पण ते मेलच्या सुरक्षा तपासणीत नाकारले जात होते. बॅकअप आणि प्रतिकृतीच्या पाच पद्धतींपैकी एकही भरवशाची नव्हती, अशी कबुली कंपनीने दिली. अखेर त्याच अभियंत्याने चाचणीसाठी सहा तास आधी काढून ठेवलेली एक प्रत कामी आली. तरीही सुमारे पाच हजार प्रकल्प, तितक्याच टिप्पण्या आणि ७०० नवी खाती यांच्या नोंदी गेल्या.

मग क्लाऊड हवाच कशाला?
बॅकअप सर्व्हरजवळच असेल तर एकच संकट दोन्ही गिळते. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे १० मार्च २०२१ रोजी ‘ओव्हीएच’ कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत आगीत पूर्ण जळाली. ज्या ग्राहकांचा बॅकअपही त्याच इमारतीत होता, त्यांच्या हाती काही उरले नाही. म्हणूनच ‘३-२-१’ हा नियम सांगितला जातो : माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातील किमान एक दूरच्या ठिकाणी. ही दूरची जागा म्हणून क्लाऊड सोयीचा ठरतो.

फाइली नुसत्या कॉपी करून का भागत नाही?
लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला मालक आणि परवानगी असते. साध्या क्लाऊड ड्राइव्हवर फाइल टाकली की ही माहिती गळून पडू शकते. चालू डेटाबेसच्या फाइली थेट कॉपी केल्यास अर्धवट नोंदींची निरुपयोगी प्रत हाती येण्याचा धोका असतो. म्हणून आधी डेटाबेसचा ‘डम्प’ काढायचा, मग त्याच्यासह सेटिंग आणि वापरकर्त्यांच्या फाइली पाठवायच्या, हा क्रम पाळावा लागतो. ‘रेस्टिक’सारखे मोफत साधन माहिती सर्व्हरवरच कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट करते आणि पहिल्या वेळेनंतर फक्त बदललेला भाग पाठवते. ‘क्रॉन’ ही लिनक्समधील सोय ते काम ठरल्या वेळी करून घेते. मात्र पासवर्ड हरवला तर बॅकअप कायमचा गेला. त्यामुळे पासवर्ड सर्व्हरबाहेरही सुरक्षित ठेवावा लागतो.

घुसखोराने बॅकअपच पुसला तर?
क्लाऊडची चावी सर्व्हरवरच असते. सर्व्हर ताब्यात घेणारा खंडणीखोर त्याच चावीने बॅकअपही पुसू शकतो. त्यामुळे चावीला जुन्या प्रती पुसण्याचा अधिकार न देणे आणि ठरावीक दिवस कोणालाच प्रत बदलता येणार नाही असे ‘ऑब्जेक्ट लॉक’ लावणे, हे उपाय केले जातात. केवळ ‘सिंक’वर विसंबणेही धोक्याचे. इकडे फाइल पुसली गेली की पुढच्या फेरीत ती तिकडेही पुसली जाते. म्हणून काही दिवसांच्या, काही आठवड्यांच्या जुन्या प्रती वेगळ्या राखाव्या लागतात.

बॅकअप चालतो, हे कसे ओळखायचे?
परत आणून पाहणे, हा एकच मार्ग. दर महिन्याला एखाद्या रिकाम्या सर्व्हरवर पूर्ण बॅकअप उतरवायचा, डेटाबेस सुरू करायचा, अलीकडची नोंद दिसते का ते पाहायचे आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवायचे. अनेक क्लाऊड सेवा माहिती खाली उतरवण्याचे वेगळे पैसे घेतात, तो खर्चही याच सरावात कळतो. सूचनेच्या बाबतीतही उलटा नियम बरा : बॅकअप फसल्यावर नव्हे, तर ठरल्या वेळी ‘झाला’ असा निरोप न आल्यावर धोक्याची घंटा वाजली पाहिजे. गिटलॅबमध्ये फसल्याचे निरोप निघत होते, पण ते कोणापर्यंत पोहोचलेच नाहीत. ते पोहोचत नाहीत, हे कळायला मुख्य डेटाबेस पुसला जावा लागला.